परदेशातला वॉर्ड, फोंडाघाटातली तयारी

सिंधुदुर्गातल्या फोंडाघाट परिसरातली एखादी मुलगी नर्सिंग पूर्ण करून घरी आली की दोन प्रश्न लगोलग विचारले जातात. सरकारी भरती कधी निघणार? आणि बाहेरच्या देशात काही जमेल का? पहिल्याचं उत्तर कुणापाशीच नसतं, म्हणून दुसरा प्रश्न मोठा होत जातो. कुणाचा भाचा मस्कतला असतो, कुणाची सून इंग्लंडात केअर होममध्ये असते, घाटावरच्या कुणा एजंटाचा नंबर हातोहात फिरत असतो. माहिती भरपूर, पण सुटी-सुटी. त्यातली खरी किती आणि शिळी किती, हे सांगणारं कुणी जवळ नसतं. ती माहिती एका जागी मांडून तिचा अर्थ लावावा, एवढ्यासाठी हा आढावा.

सगळं पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. परदेशातली आरोग्यसेवेतली नोकरी विमानात बसण्याच्या फार आधी, इथेच हाती येते किंवा हातची जाते. कोणता अभ्यासक्रम निवडला, कोणत्या रुग्णालयात किती काळ सलग काम केलं, कागदांवर नाव कसं लागलं, भाषा किती पक्की केली आणि पैसे कुणाच्या हातात दिले, या पाच गोष्टी निकाल ठरवतात. पाचही गोष्टी घरच्या मुक्कामातल्या आहेत.

माणसं का जातात

सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत होती. 1982च्या गिरणी संपाने एकाच ठिकाणच्या कमाईवर विसंबण्याची किंमत शेकडो गावांना दाखवली. पुढे आखाताची वाट आली. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणावं लागलं. तीही वाट अभंग नव्हती. तरी माणसं जात राहिली, कारण घरी थांबण्याचा हिशेब बसत नव्हता.

आरोग्यसेवेत हा हिशेब आणखी कठोर आहे. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016मध्ये शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात तो सरकारी पगाराच्या बरोबरीचा असावा. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये ड्युटी करणाऱ्या कुणाही मुलीला विचारा, ही शिफारस तिच्या पगाराच्या पाकिटात किती उतरली ते कळेल. सरकारी बाजूला राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं आहेत. कायम करा, या मागणीसाठी महाराष्ट्रातल्या या कर्मचाऱ्यांना 2023मध्ये आणि पुन्हा 2025मध्ये संपावर जावं लागलं.

दुसऱ्या टोकाला मागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025च्या अहवालानुसार जगात सुमारे 2 कोटी 98 लाख परिचारिका व परिचारक आहेत आणि 58 लाखांची तूट आहे. जगातल्या दर सात परिचारिकांमागे एक तरी आपल्या जन्मदेशाबाहेर काम करते. सिंधुदुर्गातली मुलगी या मोठ्या ओघाचा भाग आहे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला नीट वाट दाखवणं हे आपलं काम आहे.

शिक्षणाची निवड

जीएनएम, बीएस्सी नर्सिंग आणि एएनएम या तीन अक्षरसमूहांत परदेशी नोकरीचं अर्धं भविष्य दडलेलं असतं. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचा कणा आहे, पण बहुतेक देशांत त्यावर नोंदणीकृत परिचारिका म्हणून मान्यता मिळत नाही. जीएनएम या पदविकेला अनेक देश मान्यता देतात. चार वर्षांची बीएस्सी पदवी असेल तर दारं अधिक उघडतात, आणि सौदीसारख्या देशांतल्या सरकारी भरतीत पदवीधरांना पसंती असते. दहावी-बारावीनंतर घरात निर्णय होतो तेव्हा फी आणि अंतर एवढंच मोजलं जातं. महाविद्यालयाला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होईल का, विद्यार्थ्यांना शिकायला खरोखर भरलेलं रुग्णालय आहे का, हे तीन प्रश्न त्याच बैठकीत विचारायला हवेत.

शिकण्याच्या सोयी आता फार लांब नाहीत. कुडाळात, डेरवणला, घाट चढून कोल्हापुरात आणि पुढे मिरजेला परिचर्येचं शिक्षण मिळतं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलची सुरुवात विल्यम वॉनलेस यांनी 1894मध्ये केली, आणि त्या परिसराला रुग्णसेवेच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमुळे मिशनच्या रुग्णसेवेची ओळख आपल्या किनाऱ्यालाही कधीची आहे.

परिचर्येबाहेरच्या शाखांचं चित्र वेगळं आहे. फिजिओथेरपिस्टांसाठी महाराष्ट्रात 2002च्या कायद्याने परिषद आहे, त्यामुळे नोंदणीचा दाखला मिळतो. प्रयोगशाळा आणि क्ष-किरण तंत्रज्ञांसाठी देशपातळीवरचा कायदा यायला 2021 उजाडलं. परदेशी मंडळ पहिल्यांदा विचारतं, की तुमच्या देशात तुमची नोंदणी कुठे आहे. डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, केलेल्या अनेकांची गाडी याच प्रश्नावर अडते. या शाखांत पदविकेपेक्षा पदवी घेणं शहाणपणाचं.

डॉक्टरांची वाट सर्वांत लांबची. अमेरिकेसाठी यूएसएमएलई, ब्रिटनसाठी प्लॅब. ब्रिटनमध्ये तर अलीकडच्या काळात प्लॅब उत्तीर्ण होऊनही पहिल्या नेमणुकीसाठी महिनोन्‌महिने थांबलेले परदेशी डॉक्टर आहेत. परीक्षा पास झालो म्हणजे नोकरी मिळाली, हे समीकरण तिथे राहिलेलं नाही.

आखात: जवळचं आणि कागदांचं

कोकणाला सर्वांत ओळखीचा परदेश म्हणजे आखात. इथे भाषेची परीक्षा सहसा आड येत नाही, आड येतात ते कागद. दुबई, अबूधाबी आणि बाकीच्या अमिरातींसाठी परवाना देणारी मंडळं वेगवेगळी आहेत. सौदी, कतार, ओमान, बहारीन, कुवेत यांची आपापली. परवान्यासाठी संगणकावरची परीक्षा असते, तिला सगळे प्रोमेट्रिक म्हणतात. तिच्याबरोबर येते डेटाफ्लोची पडताळणी.

ही पडताळणी नीट समजून घ्यायला हवी. उमेदवाराने दिलेल्या प्रती पाहून काम भागत नाही. पडताळणी करणारी संस्था थेट कॉलेजला, कौन्सिलला आणि जिथे नोकरी केली त्या रुग्णालयाला विचारते. दहा खाटांच्या नर्सिंग होमने अनुभवाचा दाखला प्रेमाने लिहून दिलेला असतो, पण वर्षभराने आलेल्या ईमेलला उत्तर कोण देणार? डॉक्टर निवृत्त झालेले, नर्सिंग होम बंद पडलेलं, हजेरीपट हरवलेला. उत्तर आलं नाही की तो अनुभव कागदावर शून्य होतो. म्हणून पदवीनंतरची पहिली दोन वर्षं नोंदी चोख ठेवणाऱ्या, मोठ्या खाटांच्या रुग्णालयात काढावीत, मग पगार थोडा कमी का असेना. आयसीयू, शस्त्रक्रिया विभाग, डायलिसिस, प्रसूती अशा एखाद्या विभागातला सलग अनुभव असेल तर निवड सोपी होते. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक आणि कामाचं स्वरूप लिहिलेला दाखला नोकरी सोडण्याआधी हातात घ्यावा.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास त्रास. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. कौन्सिलच्या नोंदणीवर वेगळा क्रम. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर आणखी काही. आपल्याला माणूस एकच दिसतो, पडताळणी करणाऱ्याला तीन बायका दिसतात. राजपत्रात नावबदल, विवाह नोंदणीचा दाखला, कौन्सिलकडे नाव अद्ययावत करणं ही कामं अर्ज करण्याआधी उरकावीत. त्यांना महिने लागतात, आणि नेमकी नोकरी हातात आलेली असताना ते महिने नसतात.

प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचे नियमही देशागणिक बदलतात. ओमान, बहारीन आणि डिसेंबर 2022पासून सौदी अरेबिया हे देश कागदपत्रं परस्पर ग्राह्य धरणाऱ्या अपोस्टिल करारात आहेत. अमिराती, कतार आणि कुवेतसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. वैद्यकीय तपासणी ठरलेल्या मान्यताप्राप्त केंद्रातच होते.

आखातातली कमाई करमुक्त असते हे खरं. तिथे कायमचं नागरिकत्व नाही, म्हातारपणीची पेन्शन नाही, हेही तितकंच खरं. नोकरी संपते तेव्हा मिळते ती सेवाअखेरची रक्कम. तिथे जाणाऱ्याने पहिल्या पगारापासून परतीचा विचार करावा.

ब्रिटन: उघडलेलं आणि आवळलेलं दार

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे होते. 2014पासून परीक्षा दोन भागांत आहे: आधी संगणकावरची सीबीटी, जी भारतात देता येते, आणि मग ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कौशल्यं तपासणारी ऑस्की. भाषेसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात 7, लेखनात 6.5, किंवा ओईटीमध्ये बी श्रेणी, लेखनात सी प्लस. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलींची खरी कसोटी या लेखनाच्या भागात लागते. वॉर्डात इंग्रजी समजतं, औषधांची नावं पाठ असतात, पण रुग्णाची हकीगत सांगणारं पत्र चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बिनचूक लिहिणं वेगळं. हे दोन महिन्यांच्या क्लासने होत नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून रोज थोडं इंग्रजी लिहिलं तर होतं.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नव्या परिचारिकेचा पगार बँड 5पासून सुरू होतो. 2025-26 साली तो वर्षाला 31,049 पौंड होता. रुपयांत गुणाकार केला की आकडा डोळे दिपवतो. त्यातून कर, निवृत्तिवेतनाचा हप्ता, घरभाडं आणि प्रवास वजा करूनच घरी सांगावा.

परिचारिका आणि केअर वर्कर यांतला फरक इथे जीव तोडून सांगायला हवा. फेब्रुवारी 2022मध्ये ब्रिटनने वृद्धांची काळजी घेणाऱ्या कामगारांसाठी व्हिसा खुला केला. हजारो भारतीय गेले, त्यांत जीएनएम आणि बीएस्सी झालेल्याही होत्या. 11 मार्च 2024पासून या कामगारांना कुटुंब सोबत नेण्यास बंदी आली. 22 जुलै 2025पासून परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद झाली. आजही कुणी केअर व्हिसाच्या नावावर लाखो रुपये मागत असेल, तर तो बंद दाराची किल्ली विकतो आहे. नोंदणीकृत परिचारिकेची वाट मात्र याहून वेगळी आहे आणि ती चालू आहे.

जर्मनी, जपान आणि दूरचे देश

जर्मनीकडे महाराष्ट्राचं लक्ष नव्याने गेलं ते फेब्रुवारी 2024मध्ये. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट होतं आणि परिचारिका, प्रयोगशाळा साहाय्यक, क्ष-किरण साहाय्यक यांचा त्यात समावेश होता. त्या वेळचे शालेय शिक्षणमंत्री आणि सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर यांचा यात पुढाकार असल्याने सिंधुदुर्गात आशा विशेष वाढल्या.

करार आणि वॉर्डातली ड्युटी यांमध्ये मोठं अंतर असतं, आणि ते जर्मन भाषेचं असतं. रुग्णालयात परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारण बी-2 पातळी लागते. शून्यापासून तिथे पोचायला मेहनतीचं वर्ष, बहुतेकांना त्याहून जास्त काळ लागतो. त्यानंतर शिक्षणाची तुलना होते, राहिलेली तूट भरण्यासाठी अनुकूलन प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. या काळात साहाय्यक म्हणून काम करता येतं, पण पगार कमी असतो. ज्याला भाषेची गोडी लागेल त्याच्यासाठी ही उत्तम वाट आहे, कारण पुढे कुटुंबासह स्थिर आयुष्य शक्य होतं. केवळ भाषेचा क्लास फुकट आहे म्हणून नाव घालणाऱ्याची दोन वर्षं वाया जातात.

केरळने हे काम आधीपासून हाती घेतलं. तिथलं ओडेपेक हे सरकारी महामंडळ 1977चं, प्रवासी केरळीयांसाठीचा नोर्का विभाग 1996चा. जर्मनीच्या सरकारी यंत्रणांच्या ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमात नोर्काने 2021मध्ये करार केला. जगभर मल्याळी परिचारिका दिसतात त्यामागे त्यांची जिद्द आहेच, आणि तिच्या पाठीशी ही सरकारी यंत्रणाही आहे.

जपानशी भारताने जानेवारी 2021मध्ये विशेष कुशल कामगारांसाठी करार केला. त्यात वृद्धसेवेचं काम येतं आणि पायाभूत जपानी यावी लागते. अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स ही परीक्षा भारतातच देता येते, पण भारतीयांसाठी रोजगारावर आधारित ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये परीक्षा आणि नोंदणीचा खर्च मोठा आहे, म्हणून अनेक जणी आधी आखातात किंवा ब्रिटनमध्ये काही वर्षं काढून तिकडे वळतात.

जोडीदारामागून गेलेल्या

अशा आढाव्यांत एका गटाकडे नेहमी दुर्लक्ष होतं. नवरा मस्कतला किंवा मँचेस्टरला, बायको प्रशिक्षित परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट, आणि लग्नानंतर ती तिथे घरात बसलेली. परदेशात असूनही आरोग्यसेवेतली नोकरी तिला सर्वांत अवघड जाते. कारण बहुधा एकच असतं: कामात पडलेला खंड. परवाना देणारी मंडळं अलीकडच्या कामाचा पुरावा मागतात. मूल लहान आहे, मग बघू, असं म्हणत तीन वर्षं गेली की पुन्हा पर्यवेक्षणाखाली काम किंवा नवं प्रशिक्षण यांपासून सुरुवात करावी लागते.

अशा स्त्रीने काय करावं? लग्न ठरताच कौन्सिलची नोंदणी नूतनीकृत करावी आणि गुड स्टँडिंगचा, म्हणजे नोंदणी वैध आणि निर्दोष असल्याचा, दाखला मागवावा. कागदांची पडताळणी भारतात असतानाच सुरू करावी. कोणत्या व्हिसावर काम करता येतं ते आधी पाहावं. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला काम करता येतं, जर्मनीतही येतं. अमेरिकेत एच-4 व्हिसावर सरसकट परवानगी नाही. 2015च्या नियमाने ती काहींनाच मिळाली, आणि तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या टप्प्यावर अवलंबून. आखातात नवऱ्याच्या प्रायोजकत्वावर राहूनही परवाना काढून काम करता येण्याच्या वाटा आहेत, नियम देशागणिक पाहावे लागतात.

थेट परिचारिकेची जागा मिळत नसेल तर आरोग्य साहाय्यक म्हणून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. ब्रिटनमध्ये तर त्याचा उपयोग आहे. फेब्रुवारी 2023पासून, जिची भाषापरीक्षा अगदी थोडक्यात हुकली आहे आणि जिने तिथल्या आरोग्य वा देखभाल क्षेत्रात वर्षभर काम केलं आहे, तिच्या इंग्रजीबद्दल मालकाचा पुरावा काही अटींवर ग्राह्य धरला जातो. सासरच्या मंडळींनीही एवढं समजून घ्यावं, की सुनेचं चार वर्षांचं शिक्षण ही घराची मिळकत आहे. ती गंजू देऊ नये.

एजंट आणि पैसा

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे, आणि पावती देणं बंधनकारक आहे. हा आकडा प्रत्येक घरात पाठ असायला हवा. 2015मध्ये केरळात सीबीआयने एक प्रकरण नोंदवलं. कुवेतच्या सरकारी भरतीत जिथे 19,500 रुपये घ्यायचे, तिथे परिचारिकांकडून साडेएकोणीस लाखांपर्यंत उकळल्याचा आरोप होता. त्याच वर्षी केंद्राने सौदी, कुवेत, अमिरातींसह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांसाठी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मंजुरी बंधनकारक केली आणि भरती प्रामुख्याने सरकारी संस्थांकडे सोपवली. आदल्याच वर्षी, जुलै 2014मध्ये, इराकमधल्या तिक्रितच्या युद्धात अडकलेल्या 46 भारतीय परिचारिका सुटून परतल्या होत्या. कर्जाच्या ओझ्यामुळे धोका दिसत असूनही नोकरी सोडता येत नाही, हा धडा त्या प्रसंगाने देशाला दिला.

म्हणून काही गोष्टी पक्क्या धराव्यात. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो, असं म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर स्वतः तपासावा. ब्रिटनमध्ये उमेदवाराकडून नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेणं कायद्याने बंद आहे. करारात नोकरी लवकर सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल ते कलम सही करण्याआधी वाचावं. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत. मंजुरीच्या देशांत जाताना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी. 275 रुपयांत दोन वर्षांसाठी दहा लाखांचं संरक्षण मिळतं. गहाण ठेवलेल्या काजूबागेवर परदेशी नोकरी उभी करू नये.

मागे राहिलेल्यांचं काय

या प्रश्नाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. फोंडाघाटातला गंभीर रुग्ण आधी कणकवलीला, मग ओरोसला आणि बऱ्याचदा कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जातो. 2018च्या सुरुवातीला बांबोळीच्या रुग्णालयाने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडी भागातून आंदोलनं झाली. ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पडवेला खासगी आहे. इमारती उभ्या राहिल्या, पण रुग्णाच्या उशाशी अनुभवी सिस्टर हवी असते. ती जर दरवर्षी बाहेर जात राहिली आणि तिच्या जागी कंत्राटावरची नवखी मुलगी येत राहिली, तर इमारतींचा उपयोग अर्धाच.

कुणाला जाण्यापासून अडवणं हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची 2010ची आचारसंहिताही व्यक्तीच्या स्थलांतराच्या हक्काला धक्का न लावता देशांनी आपापली मनुष्यबळ व्यवस्था सुधारावी असंच सांगते. इथे पगार वेळेवर द्या, पदं कायम करा, मग ज्यांना थांबायचं आहे त्या थांबतील. ज्यांना जायचं आहे त्यांना नीट जाऊ द्या आणि परत यायचं असेल तेव्हा त्यांचा परदेशी अनुभव सेवाज्येष्ठतेत धरा.

सिंधुदुर्गाची मागणी मोठी नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात परदेशी नोकरीचा एक सल्ला कक्ष असावा, जिथे कागद तपासले जातील, एजंटाचा परवाना पाहिला जाईल आणि परत आलेल्या परिचारिका आठवड्यातून एकदा बसतील. जिल्ह्यातल्या प्रत्येक नर्सिंग महाविद्यालयाने पहिल्या वर्षापासून इंग्रजी लेखनाचा तास आणि इच्छुकांसाठी जर्मनचा वर्ग चालवावा. प्रत्येक रुग्णालयाने पडताळणीच्या पत्रांना उत्तर देणारा एक माणूस नेमावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. लोकप्रतिनिधींनी, संस्थाचालकांनी आणि जिल्हा प्रशासनाने हे एका वर्षात करून दाखवावं. आणि घरात मुलगी नर्सिंगला असेल त्या आईवडिलांनी आजच तिची सगळी प्रमाणपत्रं काढून त्यांवरचं नाव एकसारखं आहे का ते पाहावं. सुरुवात तिथूनच होते.